रानातली रात्र कोणाची?

तंबू टाकून मुक्काम करू इच्छिणाऱ्याला नाशिकइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. इंदिरानगरातून मुंबई-आग्रा महामार्गाला लागले की पांडवलेण्यांचा डोंगर लगेच मागे पडतो. घोटीला डावीकडे वळले की बारीमार्गे भंडारदरा, सरळ गेले की इगतपुरी आणि भावली धरण. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, पूर्वेला निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर, उत्तरेला बागलाणात साल्हेर. निसर्गरम्य जागांची अशी रेलचेल असल्याने शनिवारी दुपारी गाडीत तंबू टाकून निघण्याची पद्धत शहरात रुळली आहे. तिच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक उत्साहाचे, दुसरे शंकेचे. दोन्ही पुढे क्रमाने मांडली आहेत.

उत्साही : रानात मुक्काम करण्याचे पहिले कारण म्हणजे रात्र. शहरात ती उरलेलीच नाही. इंदिरानगरात रथचक्र चौकाच्या आसपास गच्चीवर जाऊन पाहिले तर मोजके ठळक तारे आणि एखादा ग्रह दिसतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, कोलटेंभे किंवा रतनवाडीच्या अंगाला, अमावास्येच्या आगेमागे हेच आकाश ओळखू येत नाही. मार्चमध्ये पहाटे वृश्चिकेच्या शेपटीजवळ आकाशगंगेचा दाट पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दिवसा जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

जागांमध्ये विविधताही मोठी आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याभोवती रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाईचे १६४६ मीटरचे शिखर असा डोंगरांचा वेढा आहे. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव मंदिर, साम्रदला सांदणची अरुंद घळ, घाटघरला कोकणात तुटणारे कडे. दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि त्याचा आत वळलेला कोकणकडा. बागलाणातला साल्हेर १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. मराठा लष्करी स्थापत्यात त्याची गणना करून युनेस्कोने २०२५ मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम या सगळ्या ठिकाणांना मानवतो. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांना काळोख म्हणजे काय, पाणी कुठून येते, पहाटेचा गारवा किती बोचतो, हे एका रात्रीत कळते. पुस्तकातून ते कळत नाही.

साशंक : हे सारे वर्णन खरे आहे, आणि अडचणही त्यातच आहे. ती जागा काळोखी आहे, कारण तिथे माणसे राहत नाहीत. माणसे राहायला गेली की काळोख जातो. काजव्यांचेच पाहा. मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमतात आणि झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. नर उडत उडत ठरावीक तालात चमकतो, मादी पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते. जोडी जमण्याचा हा एकच मार्ग आहे. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगाई खात जाते. पंख फुटल्यावर त्याला जेमतेम काही आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत झाडावर गाडीचे दिवे पडले, मोबाईलच्या बॅटऱ्या फिरल्या, तर नराचा इशारा उजेडात बुडतो. चांगला फोटो मिळावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी गेलेल्या माणसाच्या बुटाखाली मादी आणि अळी दोन्ही चिरडतात. ज्या सोहळ्यासाठी गर्दी आली, तो गर्दीनेच मोडतो. इथल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांच्या काळात वनखात्याला प्रवेशाच्या वेळेवर निर्बंध आणावे लागले, ते उगाच नाही.

उत्साही : काजवे हा वर्षातल्या काही आठवड्यांचा प्रश्न आहे. तेवढे दिवस मुक्काम बंद ठेवा, कोणी तक्रार करणार नाही. पण स्पीकर लावणारा, बाटल्या फोडणारा आणि शांतपणे तंबूत झोपणारा यांना एका मापाने मोजू नये. दुसरी गोष्ट पोटाची आहे. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. पाऊस मुबलक पडतो, पण उतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई असे एक पीक निघते आणि दिवाळीनंतर हाताला काम नसते. मग घरे बंद करून लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. नेमका त्याच महिन्यांत मुक्कामाचा हंगाम असतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांत तंबू, जेवण आणि वाटाड्या यांवर अनेक घरांचे चार महिने निघतात. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीने पाहुण्यांना घरात उतरवून, गावचे जेवण देऊन, शेत दाखवून गावाच्या पद्धतीचे पर्यटन बरीच वर्षे चालवून दाखवले. मुक्काम बंद म्हणजे या माणसांना पुन्हा बागेत कात्री घेऊन उभे करणे.

साशंक : पैसा गावात येतो हे मान्य. किती येतो आणि कोणाच्या हातात पडतो, हे तपासायला हवे. जाहिरात मुंबई-पुण्यात होते, नोंदणी तिथेच होते, तंबूही तिथल्याच व्यावसायिकाचे असतात. गावातल्या माणसाकडे भाकरी थापणे, सरपण आणणे आणि सकाळी कचरा वेचणे उरते. शेकोटीचे लाकूड कुठून येते, हेही कोणी विचारत नाही. ते रानातूनच येते, आणि बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावरून येते.

त्याहून अवघड प्रश्न जमिनीचा आहे. मुक्कामाला गेलेल्यांना सहसा एक नियम सांगितला जातो : शौचासाठी पाण्यापासून दूर जा, वीतभर खोल खड्डा खणा, मातीने बुजवा. जाड मातीच्या जंगलात हा नियम चालतो. सह्याद्रीचा माथा मात्र बेसॉल्टचा. हरिश्चंद्रगडाच्या किंवा अंजनेरीच्या पठारावर मातीचा थर कित्येक ठिकाणी चार बोटेही नसतो. खाली सलग कातळ असतो. खुरपे दोनदा मारले की खडक लागतो. पुरलेले कुजत नाही आणि पहिल्या पावसात ते कातळावरून सरळ टाक्याकडे वाहते. गडावरची ही टाकी म्हणजे कातळात खोदलेली पावसाच्या पाण्याची साठवण. तिला झरा असेलच असे नाही, म्हणून एकदा नासलेले पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत नासलेलेच राहते. त्यातच कोणी साबण लावून भांडी घासतो, आणि तेच पाणी दुसरा पिण्यासाठी भरतो.

पठारावरच्या वनस्पतींची गत वेगळी नाही. अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात याच पातळ मातीत, मोजक्या जागी उगवते. पावसाळ्याबाहेर जमिनीवर तिचा मागमूस नसतो. कंद तेवढा खाली जिवंत असतो. जानेवारीत तिथे तंबूची खुंटी ठोकणाऱ्याला आपण काय फोडले, हे कळायची सोय नाही.

उत्साही : हा आक्षेप मुक्कामावर नाही, जागेच्या निवडीवर आहे, आणि त्याला उत्तर आहे. जमिनीचे प्रकार पाडा. पहिला प्रकार अभयारण्याचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आग लावायला मनाई आहे, प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे हाही गुन्हा आहे. म्हणजे शेकोटीचा प्रश्न कायद्याने कधीच निकाली काढला आहे, पाळणारे हवेत. दुसरा प्रकार अंजनेरीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रांचा, शिवाय गडमाथ्यांचा. तिथे दिवसा जावे, संध्याकाळी उतरावे. तिसरा प्रकार धरणाच्या काठाचा. ती जमीन सरकारी असते, पाणी खाली-वर होते आणि उघड्या पडलेल्या गाळात गावकरी पीकही घेतात. चौथा प्रकार मालकीच्या जमिनीचा : कापणी झालेले भाताचे खाचर, खळे, गावाबाहेरचा माळ. मुक्काम इथे करावा. माती जाड आहे, संडास बांधता येतो, पाणी गावच्या विहिरीचे आहे आणि भाडे थेट जमीनमालकाला मिळते. गडावर पहाटे चढून जाता येतेच.

अशी जागा झोपायलाही बरी. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. पाण्याकाठी तिच्यात ओल मिसळते. म्हणून जलाशयाला लागून टाकलेला तंबू पहाटे आतून-बाहेरून ओला असतो, आणि पन्नास पावले वर, उताराच्या मध्यावर टाकलेला बराच कोरडा राहतो. हिवाळ्यात निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला मुक्काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. फोटोत सुंदर दिसणारी पाण्याकाठची जागा मुक्कामाला बहुधा सर्वांत वाईट असते.

साशंक : वर्गवारी पटण्यासारखी आहे. पण तिच्यामुळे मूळ इच्छेचेच काय होते ते पाहा. माणूस निघाला रानात राहायला. पोचला गावाबाहेरच्या शेतात, ओळीने लावलेल्या तंबूंत. एका शेतात दहा तंबू चालले की पुढच्या वर्षी शेजारच्या शेतात वीस होतात. मग दिव्यांच्या माळा, मग जनरेटर, मग गाणी. मालकीची जमीन असल्याने वनखाते तिथे फारसे काही करू शकत नाही, आणि आवाज व उजेड शेताच्या बांधावर थांबत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेला एक लखलखीत माळ आत असलेल्या दहा तंबूंपेक्षा जास्त काळोख खातो. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणले, नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम केले. तरी शनिवारी रात्री दहा वाजता डोंगराच्या कुशीत स्पीकर बंद करायला कोण जाणार?

धोक्याचाही विचार हवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात उघड्या पठारावर वीज पडण्याचा संभव असतो आणि तंबूचे कापड तिच्यापासून काडीचेही संरक्षण देत नाही. सांदणच्या घळीत वर कुठेतरी पाऊस पडला तरी पाणी अचानक भरते. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींत पळायला जागा नसते. बिबट्या तर आता नाशिक शहराच्या वस्तीतही शिरतो. शहरातून पहिल्यांदाच आलेल्याला यातले काही माहीत नसते.

उत्साही : माहीत नसते, म्हणूनच माहीतगार बरोबर हवा, आणि तो गावचाच हवा. पाऊसकाळात सांदणला उतरू नये हे साम्रदच्या पोरालाही ठाऊक आहे. ढग कुठल्या बाजूने आले की माथा सोडायचा, हे गुराख्याला विचारावे. बिबट्या सहसा माणसाला टाळतो; खरकटे उघडे पडले की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. खरकटे झाकणे, रात्री एकट्याने आडोशाला न जाणे, लहान मुलांना जवळ ठेवणे एवढी काळजी घेतली तर धोका बराच कमी होतो. हे ज्ञान रात्री बाहेर काढल्यानेच येते.

आणखी एक मुद्दा. रान वाचवायला उभे कोण राहते? नाशिकजवळचा बोरगड २००८ मध्ये महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाला, अंजनेरीला तो दर्जा २०१७ मध्ये मिळाला, नांदूरमध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. या तिन्हींमागे सरकारी कागद आहेत, पण कागदांच्या आधी तिथे वर्षानुवर्षे फिरणारे, पक्षी मोजणारे, गिधाडांच्या कपारी टिपून ठेवणारे नाशिककर आहेत. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध केला तो याच लोकांनी. ज्याने डोंगर फक्त गाडीच्या काचेतून पाहिला, त्याला रस्ता म्हणजे सोयच वाटणार. माणसाला रानापासून तोडून रान वाचवता येणार नाही.

साशंक : हा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. पण रान वाचवणारे थोडे होते आणि त्यांची पावले हलकी होती, हेही विसरू नये. नांदूरमध्यमेश्वरची पाखरे मोजायला जाणारा पहाटे जातो, निरीक्षण मनोऱ्यावर गप्प बसतो आणि परत येतो. तेच हजार लोक मुक्कामाला आले तर त्यांतले किती जण पुढे रानासाठी उभे राहतील, हे सांगता येत नाही. किती पाखरे उठून जातील, हे मात्र सांगता येते. म्हणजे संख्येला मर्यादा घालावीच लागेल. आणि मर्यादा आली की वाटणीचा प्रश्न येतो. जागा कमी आणि मागणी जास्त असली की भाव चढतो. इंदिरानगरातल्या नोकरदाराला परवडेल, पाथर्डी फाट्यावर भाड्याने राहणाऱ्या कामगाराच्या मुलांना परवडणार नाही. रानातली रात्र ही पैसेवाल्यांची चैन होऊन बसेल.

उत्साही : ती पैशाने वाटू नये, पाळीने वाटावी. एका जागेला रात्रीचा एक आकडा ठरवावा, नाव आधी नोंदवावे लागावे आणि काही रात्री शाळांसाठी राखाव्यात. आठवड्यातल्या मधल्या रात्री स्वस्त, शनिवारच्या महाग. शिवाय प्रत्येक जागेला वर्षातले काही महिने पूर्ण विश्रांती. आकडा ठरवताना कसोटी साधी आहे : जवळच्या विहिरीचे पाणी किती जणांना पुरते आणि बांधलेले संडास किती आहेत. निसर्गाच्या सौंदर्यावरून आकडा ठरवायला गेले तर वाद संपणार नाही. पाणी आणि संडास मोजता येतात.

साशंक : कसोटी चांगली आहे. पण ती लावणार कोण? वनखाते लावेल तर त्याचे माणूसबळ अपुरे, आणि गावाला पुन्हा आपल्याच रानात परवानगी मागावी लागेल. ग्रामसभेला द्यावी, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकार तिला मिळू शकतो. आदिवासी पट्ट्यातल्या गावांना पेसा कायद्याचाही आधार आहे. पण गावातही ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे त्याचे हित एक आणि ज्याची गुरे त्याच माळावर चरतात त्याचे दुसरे. तंबूवाला आकडा वाढवायला सांगेल, गुरेवाला कमी करायला. बाहेरचे व्यावसायिक पहिल्याच्या पाठीशी उभे राहतील. आणि येणाऱ्यावर सोडावे, तर प्रत्येकाला आपला एक तंबू निरुपद्रवीच वाटतो.

उत्साही : तिघांपैकी एकावर सोपवायचेच झाले तर ग्रामसभेवर सोपवावे. चुकली तरी तोटा तिचाच होतो, म्हणून ती शिकते. खात्याचा अधिकारी बदलून जातो आणि पाहुणा रविवारी संध्याकाळी घरी जातो.

साशंक : तोटा गावाचा होतो हे खरे, पण काजव्याला आणि कंदीलपुष्पाला ग्रामसभेत मत नाही. गाव शिकेपर्यंत ते टिकतील का, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून अभयारण्याचा गाभा आणि पातळ मातीची पठारे यांवरची मुक्कामबंदी कोणाच्याही ठरावावर अवलंबून नसावी. उरलेल्या जागांचा निर्णय गावाने घ्यावा.

या चर्चेत काही गोष्टींवर दोन्ही बाजू एक झाल्या. गडमाथे आणि कातळपठारे दिवसाची आहेत. काजव्यांचे आठवडे काजव्यांचे आहेत. अभयारण्यात आग नाही. मुक्काम करायचाच तर जाड मातीच्या, मालकाची परवानगी असलेल्या, संडास असलेल्या जमिनीवर करावा. आकडा कोणी ठरवायचा आणि मोडणाऱ्याला कोणी अडवायचे, यावर मात्र एकमत झाले नाही, आणि त्याचा निकाल सध्या प्रत्येक गाव आपापल्या परीने लावत आहे. तोवर तंबू घेऊन निघणाऱ्याने जागा किती सुंदर आहे हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : जमीन कोणाची, पाणी कुठले आणि संडास कुठे. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो डोंगर दिवसा पाहून संध्याकाळी घरी परतावे.